निळा तो निळाच छापला पाहिजे



गेल्या जयंतीच्या वेळची गोष्ट. माझा धाकटा मुलगा फ्लेक्स छपाईच्या एका दुकानात संगणकावर बसतो. १४ एप्रिलच्या फलकाचे काम त्याच्याकडे आले. फोटोशॉपमध्ये त्याने मोठ्या हौसेने पाठीमागे गडद निळा रंग भरला. पडद्यावर तो असा झळकत होता, की बघत राहावे. रात्री छपाई झाली आणि सकाळी पाहतो तर काय, निळ्याचा जांभळा झालेला! मंडळाने फलक घेतला नाही. मालकाने दोन दिवसांचा पगार कापला. त्या दिवशी पोर जेवलेच नाही. "आई, मला तर निळाच दिसत होता," एवढेच म्हणत राहिले.

दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हता. त्याला कोणी नीट शिकवलेच नव्हते. पुढे छपाईतल्या एका जुन्या कारागिराने त्याला शेजारी बसवून सारे समजावले. आपली कितीतरी मुले-मुली हेच काम करतात, म्हणून ते इथे देत आहे.

संगणकाचा पडदा उजेडाने रंग दाखवतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड. प्रत्येकाचा आकडा ० ते २५५. यांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. छपाईत मात्र उजेड नसतो, शाई असते. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया, प्रत्येकीचे प्रमाण ० ते १०० टक्के. पडद्यावरचे सगळेच रंग या चार शायांतून निघत नाहीत. भडक निळा तर मुळीच नाही. त्याची शाई करताना सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारख्याच पडतात, आणि निळ्याचा जांभळा होतो.

मग रंग निवडायचा कसा? साधनपट्टीच्या तळाशी दोन रंगीत चौकोन असतात. त्यांतल्या पुढच्यावर क्लिक केले की 'कलर पिकर' उघडतो. नवखा माणूस तिथे नुसते बोट फिरवून रंग उचलतो. तसे करू नये. बाजूच्या चौकटींत आकडे लिहावेत. निळा हवा असेल तर सायन १०० ठेवून मॅजेंटा ७० किंवा त्याहून कमी ठेवावा. दोघांत निदान ३० चे अंतर हवे. रंगाशेजारी उद्गारचिन्हाचा छोटा त्रिकोण दिसला, तर हा रंग शाईत उतरणार नाही असे समजावे. त्या त्रिकोणावर क्लिक केले की छापता येईल असा जवळचा रंग मिळतो. मनासारखा रंग जमला की 'ॲड टू स्वॉचेस' करून साठवून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको.

दुकानातले मशीन आरजीबी फाईल घेते की सीएमवायके, हे काम सुरू करण्याआधीच विचारावे. आणि मोठा फलक छापण्यापूर्वी वीतभर तुकडा छापून उजेडात पाहावा. त्या तुकड्याचा खर्च थोडा, पण त्याने अख्खा फलक वाचतो आणि पगारही.

आपल्या पंचरंगी धम्मध्वजाचेच घ्या. १८८५ साली तो श्रीलंकेत प्रथम फडकला. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे त्याचे रंग. यांतल्या पांढऱ्याला शाईच लागत नाही, चारही आकडे शून्य. केशरीला पिवळा १०० आणि मॅजेंटा ५० च्या आसपास. मॅजेंटा वाढला की केशरीचा लाल होऊ लागतो. ध्वजाचे रंग अंदाजाने भरून कसे चालेल?

आता माझ्या मुलाच्या खिशात एक छोटी वही असते. जो रंग चांगला छापला, त्याचे आकडे आणि कोणत्या मशीनवर छापला ते तो त्याच दिवशी लिहून ठेवतो. परवा एक गिऱ्हाईक तक्रार करू लागले, तर त्याने वही उघडली, छापलेला तुकडा पुढे ठेवला आणि शांतपणे समजावून सांगितले. मालक ऐकत उभा होता. त्या आठवड्याचा पगार पुरा मिळाला.

तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी या कामाला लागली असेल, तर एवढेच करा. उद्या बाजारातून येताना त्यांच्यासाठी एक वही आणा.

जयभीम.