हातात कला आहे, मग कागद कशाला?



ऊस लावणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा उसाबरोबर घरच्या पोरांचीही विचारपूस होते. दोन-तीन एकरांत चार भावांचं भागत नाही. म्हणून धाकटा मुंबईला असतो, असं बऱ्याच घरी ऐकायला मिळतं.

एका सभासदांचा मुलगा मुलुंडला राहतो. नळ, पंखा, दाराची कडी, रंग, मिळेल ते काम करतो. हात चांगला आहे. एका सोसायटीने त्याला जिन्याचं सगळं वायरिंग नवीन करायला दिलं. काम निम्म्यावर आलं आणि कुणीतरी विचारलं, "परवाना आहे का?" परवाना नव्हता. काम थांबलं आणि झालेल्या कामाची मजुरीही अडकली. वडील आम्हाला म्हणाले, "साहेब, हातात कला आहे, मग कागद कशाला?"

आम्ही त्यांना उलट विचारलं, "तुमचा ऊस कितीही जोमदार असू द्या. नोंद नसेल तर वेळेवर तोड मिळते का?" ते हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आता नियम काय आहे ते पाहू. सगळी किरकोळ कामं करणाऱ्या मिस्त्रीसाठी असा एकच परवाना आपल्याकडे नाही. कडी बसवायला, रंग द्यायला कुणी परवाना मागत नाही. विजेचं मात्र वेगळं आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमापासून ही अट चालत आली असून केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही ती कायम आहे. नवीन वायरिंग, वाढीव जोडणी किंवा फेरफार परवानाधारक ठेकेदारानेच, जाणकार प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली करायचा असतो. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला मात्र सूट आहे. मुंबईत महापालिकेच्या पाण्याच्या जोडणीसाठीही परवानाधारक प्लंबर लागतो.

हा नियम योग्यच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या शेतात औषध फवारायला परवाना लागत नाही, पण ते विकणाऱ्या दुकानदाराला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने लागतो. कारण बाटलीत काय आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही. भिंतीतली वायरही तशीच असते. आणि मुंबईकडे कशाला बघायचं? आपल्या विहिरीवरच्या मोटारीची पेटी कुणी जोडली, अर्थिंग धड आहे का, हे आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय? पावसाळ्यात ओल्या हाताने स्टार्टरला हात घालतो तो आपलाच माणूस असतो.

पण दुसरी बाजूही खरी आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या पोराजवळ दाखवायला कागद नसतो. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी धरून १८ व्यवसाय आहेत. वीजतंत्री आणि प्लंबर त्यात नाहीत. शिवाय काम देणाऱ्याने परवाना आधी विचारावा. निम्मं काम करून घेऊन मग विचारणे आणि मजुरी अडवणे हा न्याय नव्हे.

म्हणून आमचं सांगणं असं. मुंबईला जाणाऱ्या पोराला आधी आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं शिक्षण द्या. जो गेलाय त्याचीही वेळ गेलेली नाही; मुलुंडलाही सरकारी आयटीआय आहे. परवाना मिळेपर्यंत त्याने सूट असलेलीच कामं घ्यावीत आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. गळीत हंगाम संपल्यावर आपल्या कारखान्याच्या विद्युत विभागामार्फत सभासदांच्या मुलांसाठी परवाना परीक्षेचा वर्ग घेता येईल का, हा विषय येत्या वार्षिक सभेत सभासदांनी जरूर मांडावा.

बेणं पारखून घेणारे आपण. पोराला घराबाहेर धाडतानाही तेवढीच तयारी करून धाडू या.

– ऊस विकास अधिकारी