किल्ला पाहा, गावही पाहा

उत्तर वेल्समधला कॉन्वीचा किल्ला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये बांधायला घेतला. सोबत तटबंदीचं गावही वसवलं; ते इंग्रजांसाठी. वेल्श माणसांना त्यांच्याच भूमीत तिथे घर नव्हतं. एका दिवसाच्या सहलीत आपण किल्ला पाहून परततो आणि नेमकी ही गोष्ट निसटते. म्हणून कॉन्वीत तटावरून चाला. सव्वा किलोमीटरची वाट, एकवीस बुरुज, खाली घरांची छपरं. मग गल्ल्यांत उतरा. तिथल्या पाट्यांवर आज वेल्श भाषा आहे. किल्ला जिंकणाऱ्याची गोष्ट सांगतो, टिकून राहिलेल्यांची गोष्ट गावात सापडते. या अंकातल्या सहली तशाच आखल्या आहेत: सकाळी किल्ला, दुपारी गाव.