करालाच तेवढी तारीख

भोसरीच्या एमआयडीसीत महिन्याच्या अठरा-एकोणीस तारखेला कुठल्याही छोट्या गाळ्यात गेलात, तर मालक मशीनपाशी सापडायचा नाही. तो केबिनमध्ये फोनवर असतो. वीस तारखेला जीएसटीचं मासिक विवरणपत्र, थ्री-बी, भरायचं असतं आणि त्यासाठी लागणारे पैसे अजून खात्यात आलेले नसतात. माल दोन महिन्यांपूर्वी गेला. ज्या कंपनीला गेला तिने तो जोडून, वापरून, विकूनही टाकला असेल. पण बिल म्हणे ‘प्रोसेसमध्ये’ आहे. म्हणून तो आधी अकाउंट्सला फोन लावतो, मग पर्चेसला, आणि शेवटी बँकेला, ओडीत, म्हणजे ओव्हरड्राफ्टमध्ये, किती जागा शिल्लक आहे ते विचारायला.

लहान उद्योग आणि सरकारी नियम हा विषय निघाला की बोलणं लगेच परवान्यांकडे वळतं. किती दाखले, किती फॉर्म, किती इन्स्पेक्टर. तो जाच खरा आहे, पण त्यावर पुष्कळ लिहून झालंय, आणि त्यातले कितीतरी नियम मला हवेच वाटतात. पॉवर प्रेसवर बोटं गेलेला कामगार ज्याने पाहिलाय, तो मशीनच्या गार्डचा नियम काढून टाका असं म्हणणार नाही. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. सरकारला स्वतःचे पैसे तारखेला वसूल करता येतात. लहान उद्योजकाच्या पैशालाही याच सरकारने कायद्याने तारीख दिली आहे. ती पाळली जाते की नाही हे बघायचं काम मात्र त्या लहान माणसाच्याच गळ्यात टाकलंय.

माझ्या मावसभावाचा, दादाचा, असाच गाळा आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, आठ-नऊ माणसं. एका मोठ्या कंपनीसाठी तो पिना, बुश, फ्लँज करतो. त्याच्या टेबलावर बसून एका बिलाचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. समजायला सोपं म्हणून माल १० लाखांचा धरला. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचं. स्टील आणि टूल्स मिळून त्याची खरेदी ५ लाखांची, तेव्हा भरलेले ९० हजार त्याला वजा मिळतात. उरलेले ९० हजार रोख भरायचे. मार्चच्या पाच तारखेला बिल केलं की एप्रिलच्या वीस तारखेला ते सरकारजमा झाले पाहिजेत. कंपनीची मुदत ९० दिवसांची, आणि तीही बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल तपासून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाल्यापासून. म्हणजे जूनचा मध्य. प्रत्यक्षात जूनअखेर. दर महिन्याला असं एक बिल जात असेल, तर कुठल्याही दिवशी निदान दोन महिन्यांचा कर, १ लाख ८० हजार रुपये, दादाने पदरचे घातलेले असतात. ते पैसे कंपनीकडून यायचे आहेत, पण त्यांच्यावर ओडीचं व्याज दादा भरतो. शिवाय हा फक्त कर झाला. स्टीलवाला लहान गिऱ्हाइकाला उधार देत नाही. पगार सात तारखेच्या आत करावाच लागतो. विजेचं बिल थकलं तर लाइन जाते.

पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना विवरणपत्र तिमाही भरायची सोय आहे, हे मला माहीत आहे. पण तीत कागद तीन महिन्यांनी जातो, पैसे दरमहाच भरावे लागतात. दीड कोटीपर्यंतच्यांसाठी कंपोझिशनची योजना आहे, उत्पादकाला १ टक्का. तिचा दादासारख्याला उपयोग शून्य, कारण त्या बिलावर घेणाऱ्याला कराचं क्रेडिट मिळत नाही आणि क्रेडिट न देणारा व्हेंडर कुठलीच कंपनी ठेवत नाही. जीएसटीच्या आधी दीड कोटींपर्यंतच्या लहान उत्पादकाला उत्पादन शुल्क माफ होतं. ती सवलत गेली, आणि तिच्या जागी आलेल्या सवलती मोठ्यांना माल पुरवणाऱ्याच्या कामाच्या नाहीत.

आता एखाद्या महिन्यात ते ९० हजार उभे राहिले नाहीत तर काय होतं ते बघा. पोर्टल अर्धे पैसे घेत नाही. पूर्ण कर भरा, तरच थ्री-बी जातं. उशिराचे रोजचे ५० रुपये लेट फी आणि रकमेवर वर्षाला १८ टक्के व्याज. हे मोजायला कुणी अधिकारी लागत नाही, कुणाची तक्रार लागत नाही. खरा दणका मात्र पुढच्या महिन्यात बसतो. मागचं थ्री-बी गेलं नसेल तर पुढच्या विक्रीचं जीएसटीआर-वन भरता येत नाही. ते भरलं नाही की बिल कंपनीच्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तिच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाही. २०२२ पासून टू-बीमध्ये न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणून कंपनी पेमेंट अडवते. दादाला एकदा फोनवर उत्तर मिळालं ते मी शेजारी बसून ऐकलंय: “अहो, तुमचं बिल टू-बीला दिसत नाहीये. आधी रिटर्न भरा, मग बघू.” रिटर्न भरायला पैसे नाहीत, कारण याच कंपनीने आधीचे दिलेले नाहीत. माणूस जागच्या जागी अडकतो. सलग दोन रिटर्न राहिली तर ई-वे बिल बंद होतं आणि ज्याच्या पैशावर कर भरायचा तो मालही बाहेर काढता येत नाही.

दुसऱ्या बाजूला काय आहे? २००६ चा एमएसएमईडी कायदा. त्याचं कलम १५ स्पष्ट आहे: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरा, अशीही तरतूद आहे. वाचायला बसलं तर देशात इतका कडक कायदा दुसरा सापडणं कठीण. दादाच्या पर्चेस ऑर्डरवर ‘९० दिवस’ हे छापलेलं आहे. कायद्याच्या दुप्पट मुदत, उघड, लेटरहेडवर, खाली सही-शिक्का.

हे चालतं कारण तो कायदा आपोआप लागत नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार करायची, मग ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाणार, आधी तडजोडीचा प्रयत्न, मग लवाद. निकालाला ९० दिवसांची मुदत कायद्यातच आहे, ती कागदावर राहते. दादाचं एक पेमेंट सात महिने अडकलं होतं. सीएंनी सांगितलं, लहान उद्योग म्हणून उद्यम नोंदणीचा नंबर आहे, तक्रार टाका. त्याने बसून सगळा फॉर्म भरला. बिलं जोडली, चलनं जोडली, पीओ जोडली आणि शेवटचं बटण दाबलं नाही. त्याचं निम्म्याहून जास्त काम त्या एका कंपनीचं आहे. तक्रार जिंकली असती तर अडकलेले पैसे मिळाले असते आणि पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेली असती. नऊ घरं चालवणाऱ्या माणसाने असं का केलं, हे विचारायचा धीर मला झाला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. २०२३ च्या वित्त कायद्यात आयकराच्या कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम आलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही. कल्पना चांगली होती, कारण यात लहान माणसाला तक्रार करावी लागत नव्हती. पण बाजाराने काय केलं तेही आठवा. सुरतेपासून कापड बाजारात ऑर्डरी रद्द होऊ लागल्या. ज्यांना हा नियम लागत नाही अशा मध्यम कारखान्यांकडे किंवा नोंदणीच नसलेल्यांकडे काम वळायला लागलं. ‘उद्यम नोंदणी काढून टाका, मग ऑर्डर देतो’ असं तोंडावर सांगणारे खरेदीदारही निघाले. संरक्षणासाठी घेतलेला नंबरच ओझं झाला. शिवाय या कलमात एक मोठी फट आहे. उशिरा दिले तरी ज्या वर्षी दिले त्या वर्षी खर्च वजा मिळतो. म्हणजे एप्रिलच्या मालाचे पैसे डिसेंबरात दिले तर आयकरात कंपनीचं काहीच बिघडत नाही. ३१ मार्चला बाकी कमी दिसली की झालं. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेमेंटं धडाधड येतात आणि एप्रिलपासून पुन्हा फोन सुरू होतात.

मला सर्वांत जास्त कशाची चीड येते सांगू? सगळी माहिती सरकारच्या हातात आहे. दादाचं प्रत्येक बिल तारखेसकट जीएसटी पोर्टलवर आहे. ते सूक्ष्म उद्योगाचं आहे हे उद्यमच्या नोंदणीत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांची ४५ दिवसांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्या कंपन्यांना ‘एमएसएमई-वन’ हा फॉर्म दर सहा महिन्यांनी कंपनी खात्याकडे भरावा लागतो. कुणी कुणाचे किती अडवलेत हे अडवणारेच लिहून देतात. एवढं हाताशी असताना तक्रार पुन्हा दादानेच करायची, ऑर्डर गमावायची जोखीम त्यानेच घ्यायची!

खुद्द जीएसटीतच हत्यार तयार आहे. घेणाऱ्याने पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, असं कलम १६ सांगतं. म्हणजे ज्या कराचे पैसे दादाने एप्रिलात पदरचे भरले, त्याचा फायदा कंपनी लगेच उचलते आणि दादाला पैसे द्यायला तिच्याकडे सहा महिने असतात. एक कायदा ४५ म्हणतो, दुसरा १८०. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांच्या बिलांपुरता हा आकडा ४५ करा. क्रेडिट जाणार म्हटल्यावर कुठल्याही अकाउंट्स खात्याला जाग येते, आणि कुणी तक्रार केली हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. ठरावीक उलाढालीपर्यंत लहान उद्योगाला पैसे हातात आल्यावर कर भरू द्या. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंतच्या उद्योगांना व्हॅटमध्ये ही मुभा आहे. आपल्याकडेही सेवा कराच्या काळात, ५० लाखांपर्यंतची सेवा देणाऱ्या एकट्या व्यावसायिकांना आणि भागीदारी पेढ्यांना पैसे मिळाल्यावर कर भरता येत होता. ती सोय सेवांपुरती होती, पण देश काही बुडाला नाही. यावर अधिकारी म्हणतील की क्रेडिटचं जुळवणं अवघड होईल, खोटी बिलं फिरतील. खोट्या बिलांचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण विकणाऱ्याने पैसे मिळाल्यावर कर भरायचा आणि घेणाऱ्याने पैसे दिल्यावरच क्रेडिट घ्यायचं, असं जोडून टाकलं तर बँकेतला व्यवहारच पुरावा होतो. नुसत्या बिलापेक्षा तो पक्का.

लहानांना दिलेलं संरक्षण जास्त झालं की मोठे त्यांच्याकडून घेणंच सोडतात, ही भीतीही खोटी नाही. २०२४ मध्ये ते दिसलं. म्हणूनच क्रेडिटची ही ४५ दिवसांची मुदत मध्यम उद्योगांच्या बिलांनाही लावावी, म्हणजे काम तिकडे वळवण्यात कुणाला फायदा उरणार नाही. आणि सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. राज्यातल्या सरकारी कामांच्या कंत्राटदारांना थकलेल्या बिलांसाठी २०२५ मध्ये रस्त्यावर उतरावं लागलं. त्यांच्यातही दादासारखे पुष्कळ होते, कर्ज काढून काम पूर्ण केलेले. जे खातं स्वतःची बिलं महिनोन्‌महिने ठेवतं, त्याला खासगी कंपनीला ४५ दिवस सांगताना जोर कुठून येणार?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. चाकण, सातपूर, वाळूजच्या कंपन्यांत पर्चेस आणि अकाउंट्समध्ये बसणारे बरेच जण हे सदर वाचतात, त्यांच्याशी थेट बोलतो. मुदत ठरवणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण जीआरएन माल गेटवर आला त्याच दिवशी करणं तुमच्या हातात आहे. बिल पुढच्या महिन्याच्या तारखेचं टाकायला न सांगणं तुमच्या हातात आहे. आणि मालात काही खोट असेल तर ती पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवा, दोन महिन्यांनी डेबिट नोट पाठवू नका. एमएसएमईडी कायद्यातही हरकत घ्यायला तेवढेच दिवस दिले आहेत.