होम्सला मिळालेली सवलत

शेरलॉक होम्स वाचकांपुढे प्रथम आला तो १८८७ साली, आणि स्वमग्न मुलांविषयीचा लिओ कॅनर यांचा सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला तो १९४३ साली; सबब जी अवस्था वैद्यकशास्त्राच्या दप्तरी तोवर दाखलच झाली नव्हती, ती आर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या नायकाच्या ठायी बुद्धिपुरस्सर योजिली असणे संभवत नाही, असा आक्षेप घेणाऱ्यांचे कालगणित निर्दोष आहे. परंतु ज्या वाचकाला स्वतःच्या स्वमग्नतेचे निदान पंचविशीत कळले आणि होम्स वाचताना ज्याला आपलेच कुणी भेटल्यासारखे वाटले, त्याने डॉयल यांच्या हेतूविषयी मुळात काही दावा केलेलाच नसतो. हा मनुष्य माझ्यासारखा आहे, एवढीच त्याची कैफियत. आणि तिची खातरजमा लेखकाच्या जबानीने नव्हे, तर पुस्तकाच्या पानांवरून व्हावयाची असते.

ती पाने त्याच्या बाजूने भरघोस साक्ष देतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे होम्सला ठाऊक नसते, आणि सांगितल्यावर ते होईल तितक्या लवकर विसरण्याचा निर्धार तो व्यक्त करतो. उलटपक्षी तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर त्याने स्वतंत्र पुस्तिका लिहिलेली असते. तंबाखू इराणी सपातेच्या टोकात ठेवावा आणि उत्तर न दिलेली पत्रे शेकोटीवरील फळीत चाकू खुपसून टांगावीत, ही त्याच्या बिऱ्हाडाची व्यवस्था. सहवासी वॉटसन हा पेशाने डॉक्टर. तो होम्सच्या ज्ञानाची विषयवार यादी करू लागतो, साहित्यापुढे शून्य, खगोलापुढे शून्य, रसायनापुढे प्रगाढ असे शेरे मारतो, आणि अखेर हताश होऊन तो कागद विस्तवात टाकतो. निदानाच्या मोहात सापडलेल्या समीक्षकांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

याहून मला मोलाचा वाटतो तो होम्सच्या थोरल्या बंधूचा, मायक्रॉफ्टचा, डायोजिनिस क्लब. लोकांचा सहवास नको, परंतु आरामखुर्ची आणि ताजी नियतकालिके हवीत, अशा गृहस्थांनी लंडनमध्ये स्थापिलेल्या या मंडळात सभासदाने दुसऱ्या सभासदाची दखलही घ्यावयाची नाही, पाहुण्यांची खोली वगळता कोठेही बोलावयाचे नाही, आणि तीनदा नियमभंग झाल्यास सभासदत्व रद्द होण्याची पाळी, असा कायदा आहे. वाचक हसतो, पण लग्नाच्या पंगतीत ध्वनिक्षेपकाशेजारी बसून ज्याचे मस्तक तासभर फुटत असते, त्याला हा विनोद नसून उत्तम तजवीज वाटते. असा वाचक होम्सच्या बुद्धीचा हेवा करतो असे आपण समजतो. माझ्या मते तो हेवा करतो हा क्लब, वॉटसन आणि निमूटपणे न्याहारी आणून देणारी हडसनबाई यांचा.

आणि येथेच माझी तक्रार आहे. होम्सचा तुसडेपणा चालतो, कारण स्कॉटलंड यार्डला त्याची गरज पडते. प्रतिभेचा दाखला हजर केल्यावाचून कथा विक्षिप्तपणाला सहसा सवलत देत नाही. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम या बाबतीत कथाकारांहून उदार म्हणावा लागेल, कारण त्याच्या २१ प्रकारांच्या सूचीत स्वमग्नता आहे, पण असामान्य बुद्धीची अट नाही.

पु. ल. देशपांडे यांचा सखाराम गटणे मला होम्सहून अधिक उपयोगाचा वाटतो तो यामुळे. साध्या संभाषणातही छापील भाषा बोलणारा आणि साहित्यावाचून दुसरे काही न सुचणारा हा मुलगा कोणतेही रहस्य उलगडीत नाही, कोणाच्या कामी येत नाही. आपण त्याला हसतो, हे खरे; पण लेखक हसता हसता आपली पुस्तके त्याच्यापुढे मोकळी करतो. गटण्याला कोणते निदान लागू पडते, या चौकशीत मला रस नाही. शाळेत ज्याला ‘पुस्तकी किडा’ म्हणून छळले गेले, त्याने गटण्यावर आप्तपणाचा हक्क सांगितला, तर तो नाकारण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

मराठी कथालेखकांकडे माझे मागणे माफक आहे. जिल्हा परिषदेच्या कचेरीतला एखादा कारकून रंगवावा, जो रोज तीच भाजी खातो, टेबल हलवले की अस्वस्थ होतो, कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही आणि ज्याचे काम अगदी बेताचे आहे. आणि शेवटच्या प्रकरणात त्याला गणिताचे पारितोषिक देऊ नये.