रंगाआधी शेजार

14 मार्च 2025 रोजी होळीचा रंग खेळण्याचा दिवस आणि रमजानमधील शुक्रवार एकत्र आले. उत्तर प्रदेशात संभल, शाहजहाँपूर या शहरांत मिरवणुकीच्या मार्गावरील मशिदी ताडपत्रीने झाकण्यात आल्या. लखनौसह काही ठिकाणी मुस्लिम धर्मगुरूंनी जुम्म्याच्या नमाजाची वेळ पुढे नेली. दोन्ही उपायांचा हेतू शांतता हाच होता. परंतु त्यांतील भेद मूलगामी आहे. ताडपत्री शेजाऱ्याला दृष्टीआड करते. वेळेतील बदल त्याचे अस्तित्व मान्य करतो.

होळी ही केवळ हिंदूंच्या अंगणापुरती कधीच नव्हती. आग्र्याच्या नझीर अकबराबादी यांनी होळीवर उर्दूत कविता रचल्या. बाराबंकी जिल्ह्यातील देवा येथे हाजी वारिस अली शाह यांच्या दर्ग्यात होळी खेळण्याची परंपरा आजही चालू आहे. यावरून पूर्वी सर्वत्र सलोखाच नांदत होता, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र हा सण वाटून घेता येतो, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

प्रश्न आहे तो वाटून घेणार कोणाशी, हा. होळीला पुरणपोळीचे ताट शेजारच्या घरी जाते, ईदेला तेथून शीरखुर्मा येतो. या देवघेवीची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. पण तिच्यासाठी दोन घरांना एक जिना लागतो. तो जिनाच आता दुर्मिळ होत चालला आहे. अहमदाबादेतील एका गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये वैध ठरविला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय मान्य करावाच लागेल. परंतु लेखी उपविधी नसतानाही शहरांतून भाडेकरूचे आडनाव विचारून घर नाकारले जाते, त्याचे समर्थन कोणत्या कायद्याने करावयाचे?

रंग हा ओळखीच्या माणसाला, त्याच्या संमतीने लावावयाचा असतो. ओळखच नसेल, तर तोच रंग आक्रमण ठरतो. म्हणूनच ‘नको’ म्हणणाऱ्याला रंग न लावणे हा सणाचा संकोच नसून त्याचे पथ्य आहे.

हे पथ्य पोलीस बंदोबस्ताने पाळले जाणार नाही. गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांवर शिक्षक, कारकून, निवृत्त अधिकारी असे सुशिक्षित लोकच बसतात. नव्या सभासदाच्या अर्जावर त्यांची सही होते, तेव्हाच पुढच्या होळीचे स्वरूप ठरत असते. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान मागे सरकत जातो आणि तीसेक वर्षांनी पुन्हा होळीला गाठतो. त्या वेळी मशिदीवर ताडपत्री घालावी लागेल की शेजाऱ्याला वेळ विचारून काम भागेल, याचा निर्णय आजच्या अर्जांवर होत आहे.