विश्लेषण : इराणी हॉटेल म्हणजे वारसा, मग ताडीच्या दुकानाला नुसती बदनामीच का?

ग्रँट रोड स्थानकाबाहेरचे बी. मेरवान हे १९१४ पासूनचे इराणी हॉटेल बंद होणार, अशी बातमी २०१४ च्या मार्चअखेरीस आली आणि मावा केकसाठी सकाळपासून रांगा लागल्या. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षे पाऊल टाकले नव्हते, तेही हळहळले. पुढे हे हॉटेल पुन्हा सुरू झाले. त्याच पश्चिम रेल्वेने डहाणू लोकल पकडून सफाळ्याला उतरले आणि एडवण, केळवे, माहीमच्या किनाऱ्याकडे निघाले, की ताड आणि माड दिसू लागतात. या झाडांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या ताडीच्या दुकानांसाठी मात्र कधी कोणी रांगेत उभे राहून हळहळले नाही. मुंबईतला इराणी आणि किनाऱ्यावरचे ताडीचे दुकान यांना आजचे रूप साधारण एकाच काळात, एकाच सरकारच्या राज्यात मिळाले. एकाला वारसा म्हणायचे आणि दुसऱ्याचे नाव दबक्या आवाजात घ्यायचे, हे बरोबर आहे का?

ताडीचे दुकान झाडाजवळच का असते?

याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. ताडाच्या किंवा माडाच्या फुलोऱ्याचा दांडा रोज थोडा थोडा छाटतात आणि खाली मडके बांधतात. त्यात थेंबथेंब गोड रस जमतो. पहाटे, ऊन चढण्याआधी उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट कामाला लागले, की काही तासांत त्या साखरेचे मद्य होऊ लागते आणि नीरेची ताडी होते. तिच्यातले मद्याचे प्रमाण साधारण बिअरइतके. आणखी वेळ गेला की ती आंबट होत जाते आणि शेवटी तिचा सिरका होतो.

म्हणजे हा माल टिकत नाही. तो दूर नेता येत नाही, साठवता येत नाही आणि एका ठिकाणी मोठ्या प्रमाणात बनवताही येत नाही. झाड जिथे, विक्री तिथे, आणि तीही त्याच दिवशी. त्यामुळे ताडी पिण्याची जागा कायम लहान, विखुरलेली आणि गावातलीच राहिली. झाडावर चढणारा, विकणारा आणि पिणारा हे बहुधा एकमेकांना ओळखणारे. किनाऱ्यावर ताडी काढण्याचे कौशल्य परंपरेने भंडारी समाजाकडे होते. गिऱ्हाईक म्हणजे समुद्रावरून परतलेले मच्छीमार आणि शेतात राबणारे मजूर.

सरकारने ही साखळी कशी बदलली?

कर गोळा करणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर अशी विखुरलेली ताडी म्हणजे डोकेदुखी. हजारो झाडे, हजारो मडकी. हिशेब ठेवायचा कोणाचा? त्याउलट भट्टीची दारू एका ठिकाणी गाळता येते, मोजता येते, पिंपात भरून लांब पाठवता येते. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्यामागचे गणित हेच होते. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क परवान्यात बांधला गेला, मध्यवर्ती भट्ट्यांना बळ मिळाले आणि ताडीच्या झाडावर कर बसला. हा कर वाढत गेला, तसा भंडाऱ्यांमध्ये असंतोषही वाढला. झाड स्वतःचे, चढणारा स्वतः, पण रस काढायचा तर आधी सरकारला पैसे भरायचे, अशी ही व्यवस्था होती.

किनाऱ्याच्या पूर्वेला, जंगलपट्टीत याहून कठोर पाऊल पडले. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमवणे, बाळगणे आणि विकणे यांवर निर्बंध आणले. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाण्यातच होता. मोहाची फुले ही केवळ दारूचा कच्चा माल नाही. वाळवून ठेवली तर ती टंचाईच्या दिवसांत आदिवासींचे अन्न असते. तेच घरात ठेवणे गुन्हा ठरू लागले.

परिणाम असा झाला, की घरी किंवा झाडाखाली मिळणारे पेय महाग किंवा बेकायदा झाले आणि परवानाधारकाचा गुत्ता ही पिण्याची मुख्य जागा बनली. गुत्तेवाला उधारीवर दारू देई, आणि उधारी फिटली नाही तर जमीन आणि श्रम त्याच्याकडे जात. दक्षिण गुजरात आणि ठाणे जिल्ह्यात अनेक दारू व्यापारी अशा रीतीने जमीनदार झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. १९४५ मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध वारली उठले. ते ज्या जमीनदारीविरुद्ध उठले, तिच्या मुळाशी असलेल्या अनेक कारणांपैकी हे एक होते.

इराणी हॉटेल याच काळात कसे आले?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून झरतुष्ट्री कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कुलाब्याचे लिओपोल्ड १८७१ चे. त्याची सुरुवात तेलाच्या दुकानापासून झाली होती. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. अनेक हिंदू व्यापारी रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे नेहमी सांगितले जाते. कारण काही असो, कोपऱ्यावर दोन्ही रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते, हे त्यांनी ओळखले. गिरणी आणि गोदीतले कामगार एका खोलीत दहा-दहा जण राहत. त्यांना पहाटे चहा, ब्रून आणि बसायला खुर्ची देणारी जागा हवी होती.

चहाची पत्ती ताडीसारखी नासत नाही. ती मळ्यातून बोटीने, रेल्वेने कुठेही जाते. कॉफीचेही तसेच. कॉफीच्या बिया पडून राहू लागल्या, तेव्हा कॉफी सेस कमिटीने खप वाढवण्यासाठी १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डाने ही कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. म्हणजे एका पेयाला सरकारने कराच्या ओझ्याखाली ठेवले आणि दुसऱ्याच्या प्रचारासाठी स्वतः दुकान मांडले.

‘सर्वांसाठी खुले’ हे कितपत खरे?

कॉफी हाऊसचा इतिहास सांगताना लंडनचे उदाहरण हमखास येते. तिथे पहिले कॉफी हाऊस १६५२ मध्ये निघाले आणि एडवर्ड लॉइडच्या कॉफी हाऊसमध्ये जहाजांच्या बातम्यांची देवाणघेवाण करणाऱ्यांतून विम्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. मुंबईच्या शेअर दलालांनी मात्र १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली व्यवहार सुरू केले आणि १८७५ मध्ये संघटना स्थापन केली. आपल्याकडे एकत्र बसून खाण्यापिण्यावर जातीचा पहारा होता, तेव्हा चहाच्या टेबलापेक्षा झाडाची सावली सोयीची ठरली असावी, असे मला वाटते.

इराणी हॉटेलाने हा पहारा सैल केला, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण भाबडेपणाही नको. पहिले महायुद्ध सुरू असताना परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत ते पारशी असल्याचे सांगून राहिले आणि ओळख उघड झाल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. सराई, हॉटेल, गुत्ता यांपैकी कोणतीच जागा आपोआप सर्वांची होत नाही.

गुत्ता बंद करण्याची हाक कोणी दिली?

दारूबंदी म्हटले की गांधीजी किंवा मोरारजी देसाई आठवतात. महात्मा फुले यांनी १८८० मध्येच पुणे नगरपालिकेला दारू दुकानांविरोधात पत्र लिहिले होते. पण पालघरच्या वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी १९८७ च्या त्यांच्या पुस्तकात १९२२ च्या ‘देवी’ चळवळीचा माग काढला आहे. तो माग याच किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांपर्यंत येऊन पोहोचतो. देवीच्या, म्हणजे रोगाच्या साथीत देवीला शांत करण्यासाठी लोक जमू लागले. ज्यांच्या अंगात येई, त्यांच्या तोंडून आदेश निघत : दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा. ही लाट किनाऱ्यावरून डोंगरात आणि तिथून सुरत जिल्ह्यात गेली. तिथल्या आदिवासींनी दारू व्यापाऱ्यांवर आणि जमीनदारांवर बहिष्कार टाकला.

याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्यांना सभेत बोलू दिले जात नव्हते, त्यांनी देवीच्या तोंडून आपल्याच आयुष्याबद्दल ठराव केला, असेही त्याकडे पाहता येते. गुत्ता कोणी उघडावा हे त्यांना कधी विचारले गेले नाही. तो बंद पाडायचा निर्णय मात्र त्यांनी घेतला.

दारूबंदीने काय साधले?

काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी, आणि विरोध करणाऱ्यांमध्ये पारशी व्यापारी पुढे. एका समाजावर सरसकट शिक्का मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून बंदी राज्यभर झाली. साठच्या दशकात ती सैल झाली, कायदा मात्र आजही लागू आहे.

चोरटी भट्टी बंद झाली नाही. ताडी काढणाऱ्याचा धंदा मात्र ‘नीरा चालेल, ताडी परवान्यावर’ या चौकटीत अडकला. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरची नीरा केंद्रे ही त्याची आपल्याला दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू अशी, की झाडावर चढायला नवी पिढी तयार नाही, आणि जिथे जवळपास ताडाचे झाडही नाही अशा ठिकाणी ‘ताडी’ विकली जाते. क्लोरल हायड्रेट मिसळलेल्या अशा बनावट ताडीवर राज्यात वेळोवेळी कारवाई झाली आहे. ज्या पेयाचे वैशिष्ट्यच झाडाजवळ असणे हे होते, त्याचे झाडच काढून घेतले, की उरते ते विष.

मग आज काय करावे?

दारूचे गोडवे गाण्याचा हा मुद्दा नाही. दारूने मोडलेली घरे पालघर, बोईसरच्या औद्योगिक वस्त्यांत आणि किनाऱ्यावर कोणालाही दिसतील. गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिलांनी मतदानात ‘आडवी बाटली’ला कौल दिला तर दुकान बंद होते, हा महाराष्ट्रातला नियम १९२२ च्या त्या ठरावाचाच कायदेशीर वारस आहे. तो कौल जिथे मिळेल, तिथे पाळलाच पाहिजे.

पण जिथे ताडी राहणार आहे, तिथे परवाना झाडांच्या संख्येशी आणि झाडावर चढणाऱ्या माणसाशी घट्ट बांधावा. अमुक झाडांतून दिवसाला साधारण किती रस निघतो, हे मोजता येते. दुकानात त्यापेक्षा जास्त माल विकला जात असेल, तर तो कुठून आला, हे विचारायला प्रयोगशाळेचीही गरज नाही. दीडशे वर्षांपूर्वी कर घेण्यासाठी झाडे मोजली गेली. आता पिणाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मोजावीत.

दुसरे काम इतिहासाचे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधीचे आबकारीचे कागद शोधायचे तर ठाणे आणि मुंबईची दप्तरे चाळावी लागतील. ते काम महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी घ्यावे. कागदांपेक्षाही घाई माणसांची आहे. एडवणपासून डहाणूपर्यंत ज्यांनी स्वतः ताडावर चढून मडकी उतरवली, ते आता म्हातारे झाले आहेत. इराणी हॉटेलाच्या शेवटच्या मावा केकसाठी आपण रांग लावतो. या माणसांकडे एक फोन घेऊन बसायला, त्यांचे बोलणे रेकॉर्ड करायला रांगही लावावी लागणार नाही. सफाळ्याहून एसटी पकडली की झाले.