पोटाची तक्रार, पायांचे बळ

आपल्या घरांतील ज्येष्ठांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते, “पोट साफ होत नाही, म्हणून खाणेच कमी केले आहे.” त्याला पुष्कळदा ऊनोदरीचे नाव दिले जाते. ऊनोदरी हे सहा बाह्य तपांपैकी दुसरे. भूक असताना स्वेच्छेने चार घास कमी घेण्याचे. बद्धकोष्ठाच्या भीतीने ताट अर्धे करणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिची किंमत पायांना मोजावी लागते.

आहार घटला की मलाचे प्रमाण घटते, आतड्यांची हालचाल मंदावते, तक्रार वाढते. त्यातच प्रथिने कमी पडून मांड्यांचे स्नायू झिजतात. उतारवयात ही झीज मुळातच चालू असते. मग चालणे कमी होते आणि आतडी आणखी सुस्तावतात. सामायिकाची ४८ मिनिटे संपल्यावर आधाराविना आसनावरून उठता येत नाही, तेव्हा सारा दोष मात्र गुडघ्यांना दिला जातो.

पाण्याचा हिशेब तर मांडलाच पाहिजे. जानेवारीत पुण्याकडे सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, सूर्योदय सातनंतर, त्यापुढे नवकारशीची ४८ मिनिटे. म्हणजे चौविहार करणाऱ्यास जवळजवळ १४ तास पाणी नाही. उरलेल्या १० तासांतही वयोमानाने तहान कमी लागते. शिवाय रात्री लघवीला उठावे लागेल या धास्तीने दुपारनंतर पेला दूरच राहतो. चौविहार सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. उकळलेल्या पाण्याचा तांब्या सकाळीच समोर ठेवावा आणि तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. सूर्यास्ताच्या तोंडावर घोटभर पाण्यासोबत इसबगोल घेण्याची पद्धत तर चुकीचीच. पुरेशा पाण्याविना तो आतच अडकून बसू शकतो.

चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्या तरी दोडका, दुधी, भेंडी, सालीसकट मूग आणि ज्वारीची भाकरी आहेच. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही मलावरोध होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्या सोबत न्याव्यात. मलात रक्त दिसणे, मल डांबरासारखा काळा होणे, अकारण वजन घटणे, ही लक्षणे मात्र लपवू नयेत. गुडघ्याचे ऑपरेशन आपण चारचौघांत रंगवून सांगतो, पोटाविषयी मुलाशीही बोलत नाही!

मधुमेहींनी उपवासापूर्वी गोळ्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात. पच्चक्खाणात आगार आहेत. तीव्र दुखण्यात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मुभा त्यांतच आहे. आपल्या नियमापुरती ती कशी लागू होते, हे महाराजसाहेबांना आधीच विचारून ठेवावे.